तिसऱ्या खिडकीवरची लस

कॉलेजच्या कार्यालयात खिडक्या चार होत्या, पण विद्यार्थ्यांच्या लेखी खरी खिडकी एकच, तिसरी. प्रवेश तिथे, ओळखपत्र तिथे, परीक्षेचा फॉर्म तिथे, आणि कसलाही दाखला हवा असला तरी तिथेच. त्या खिडकीमागे बावीस वर्षं एकच बाई बसत होत्या. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, तेवढंच. एरवी तोंडावर ‘मॅडम’ आणि पाठीमागे ‘खिडकीबाई’. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती आणि दुसरं जास्त आवडायचं.

खिडकीबाईंची नजर मोठी पक्की. रांगेतला मुलगा दहा पावलांवर असतानाच त्याच्या फॉर्मवर काय राहिलंय ते त्यांना कळायचं. फोटो चिकटवायचा राहिला असेल तर मुलं फॉर्मची घडी करून आणतात, सही राहिली असेल तर खिसे चाचपत येतात, आणि मुदत उलटून गेली असेल तर फार गोड हसतात. बाई कुणावर ओरडत नसत. “जा, त्या बाकावर बसून भर आणि थेट माझ्याकडे ये, पुन्हा रांग नको,” एवढंच म्हणायच्या. म्हणून मुलं त्यांना टरकून असली तरी त्यांच्यावर चिडून नसायची.

एका दुपारी रांग ओसरल्यावर खिडकीसमोर सिस्टर येऊन उभी राहिली. ही सिस्टर म्हणजे आरोग्य खात्याने कॉलेजसाठी नेमलेली नर्स. वय पंचवीस-सव्वीस, चालणं झपाझप, पण त्या दिवशी चेहरा उतरलेला. तिच्या हातात एक कागद होता.

“मॅडम, याच्या पाचशे झेरॉक्स मिळतील का?”

“महिन्यापूर्वीच तर पाचशे नेल्यास. संपल्या?”

“संपल्या म्हणजे, मुलं नेतात आणि परत आणत नाहीत. कालच तीस-चाळीस फॉर्म जिमखान्याच्या कचऱ्यात सापडले. एकावर तर कुणीतरी फुलीगोळा खेळलं होतं.”

बाईंनी तिला आत बोलावलं, खुर्ची दिली. सिस्टर बसली आणि मग थांबेचना. एचपीव्ही नावाचा एक विषाणू. तो इतका सर्रास असतो की आयुष्यात कधी ना कधी बहुतेकांच्या शरीरात शिरतो आणि बहुतेकांच्या शरीरातून गुपचूप निघूनही जातो. पण काहींच्या बाबतीत तो ठाण मांडून बसतो आणि वर्षानुवर्षांनी त्यातून कर्करोग उभा राहतो. बायकांना गर्भाशयाच्या तोंडाचा, पुरुषांनाही घशाचा वगैरे. लस वेळेवर घेतली तर त्यातला फार मोठा भाग टळतो. खात्याने कॉलेजातल्या सगळ्यांसाठी ती फुकट दिली होती. दोन डोस, मध्ये सहा महिने. सिस्टर आठ महिने जिमखान्याच्या वरच्या खोलीत फ्रीज राखत बसली होती.

“आणि झाल्या किती?” बाईंनी विचारलं.

“एकसष्ट.”

“आपल्याकडे बत्तीसशे मुलं आहेत.”

“माहीत आहे, मॅडम. तो आकडा मला झोपेतही दिसतो.”

बाईंनी चष्मा लावला आणि फॉर्म वाचायला घेतला. उभा जन्म फॉर्म वाचण्यात गेलेला, त्यामुळे त्या तो वरून खाली वाचत नसत. आधी सहीची जागा बघत, मग वर येत. सहीच्या जागेशीच त्यांचं बोट थांबलं.

“सिस्टर, हा फॉर्म शाळेचा आहे.”

“म्हणजे?”

“हे बघ ना. ‘पाल्याची इयत्ता व तुकडी’. आपल्याकडे कुठली आलीय तुकडी? आणि खाली पालकाची सही. अगं, आपली निम्मी मुलं मतदान करून आलीत. अठरा पूर्ण झालेल्याला आईबापाची सही कशाला?”

सिस्टर कागदाकडे बघतच राहिली. आठ महिने रोज तो कागद तिच्या हातात होता. “खात्याकडून असाच आला,” ती हळू आवाजात म्हणाली.

“खात्यातल्या कुणीतरी शाळांचा फॉर्म उचलून कॉलेजांना धाडलाय. त्यात तुझा काय दोष. आजच फोन कर. जे अठराच्या आत असतील त्यांच्यासाठी हा राहू दे, बाकीच्यांसाठी स्वतःच्या सहीचा वेगळा मागव.”

सिस्टरचा चेहरा जरा उजळला. जाताजाता ती सहज म्हणाली, “मॅडम, तुमची मुलगीही इथेच आहे ना, दुसऱ्या वर्षाला? तिची झाली का लस?”

“बघते,” बाई म्हणाल्या. बावीस वर्षांत खिडकीवर त्यांनी असं मोघम उत्तर कधी दिलं नव्हतं. कारण हाच फॉर्म, कोरा, त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात आठ महिने पडून होता. पहिल्या दिवशी सगळ्या कर्मचाऱ्यांना फॉर्म वाटले तेव्हाच त्यांनी तो ‘घरी नेऊ’ म्हणून ठेवला होता. मग उद्या नेऊ, मग परवा नेऊ.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर बाई भांडी घासत होत्या आणि मुलगी शेजारी उभी राहून ती पुसत होती. बाहेरच्या खोलीत वडील बातम्या ऐकत होते. बाईंनी नळ जरा मोठा सोडला.

“आपल्या कॉलेजात ती एचपीव्हीची लस देतात ना?”

“हं.”

“तू घेतलीस?”

“नाही. तुझी सही लागते.”

“मग मागायचीस की.”

मुलगी ताट पुसत राहिली. पुसून कोरडं झालेलं ताट तिने पुन्हा पुसलं. “तू म्हणाली असतीस, तुला कशाला हवी ती.”

“मी मुळीच असं म्हटलं नसतं.”

“तोंडाने नसतं म्हटलंस. मनात म्हटलं असतंस. मग दोन दिवस माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघितलं असतंस.”

बाईंनी नळ बंद केला. आता खरं बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. “माझ्या ऑफिसच्या खणात तुझा फॉर्म पडलाय. आठ महिने. मला वाटत होतं, मी तो तुझ्यापुढे ठेवला की तू म्हणशील, आई, तुला माझ्याबद्दल वाटतं तरी काय.”

मग आधी मुलगी हसली, मग बाई. बाहेरून वडिलांनी विचारलं, काय झालं, आणि दोघींनी एकाच दमात ‘काही नाही’ म्हटलं.

“आई, खरं सांगू?” मुलगी ओट्याला टेकून म्हणाली. “कुणी नको म्हणत नाही. सगळे ‘नंतर’ म्हणतात. त्यात ती खोली जिमखान्याच्या जिन्यावर. खाली टेबल टेनिसवाली पोरं बसलेली असतात. वर जाणारीला विचारतात, कुठे चाललीस. मग ती म्हणते, कुठे नाही, आणि परत फिरते. मी स्वतः दोनदा परत फिरलेय.”

“आणि मुलं?”

“मुलांना वाटतं ही मुलींचीच लस आहे. त्यांना कुणी सांगितलंच नाही.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी खणातल्या फॉर्मवर सही केली आणि मुलीने मधल्या सुट्टीत जाऊन लस घेतली. टेबल टेनिसवाल्यांनी विचारलं तेव्हा तिने ‘लस घ्यायला’ असं सरळ सांगितलं. ते बिचारे गप्प बसले, कारण पुढे काय म्हणायचं हे त्यांनी ठरवलेलंच नव्हतं.

इकडे प्राचार्यांच्या डोक्यात वेगळंच घाटत होतं. माणूस भला, पण कुठल्याही दुखण्यावर त्यांच्याकडे एकच औषध, व्याख्यान. बाहेरून एक नामांकित डॉक्टर बोलावले, मोठं सभागृह उघडलं, फलक लावले. डॉक्टर छान बोलले. ऐकायला त्रेपन्न मुलं होती, त्यातली बरीचशी सभागृहातल्या गारव्यासाठी आलेली. त्या आठवड्यात लसी झाल्या चार.

व्याख्यानानंतरच्या सोमवारी बाई स्वतःहून प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेल्या. बरोबर सिस्टरला घेतलं होतं.

“सर, पुढच्या आठवड्यात परीक्षेचे फॉर्म सुरू होतात. बारा दिवस. या बारा दिवसांत बत्तीसशे मुलं माझ्या खिडकीवर येणार, एकही सुटणार नाही. माझ्या शेजारची जुन्या कागदपत्रांची खोली रिकामी करून द्या. सिस्टर तिथे बसेल.”

“कार्यालयात लस?” प्राचार्यांच्या भुवया वर गेल्या. “मॅडम, ते काही बरं दिसत नाही.”

“सर, कार्यालयात रांग आहे आणि लसीकडे रांग नाही. रांग उचलून जिमखान्यात नेता येत नाही. फ्रीज उचलून इकडे आणता येतो.”

प्राचार्यांनी सिस्टरकडे बघितलं. सिस्टरने ठामपणे मान हलवली. खात्याकडून नवा फॉर्मही आला होता, स्वतःच्या सहीचा, एका पानाचा. तोही तिने टेबलावर ठेवला. प्राचार्यांनी तो दोनदा वाचला, पेनाचं टोपण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं आणि शेवटी परवानगी दिली.

खोली रिकामी करायला दोन दिवस लागले. चाळीस वर्षांचे गठ्ठे, त्यात झुरळांची वस्ती. शिपाईमामांनी सगळं तळघरात हलवलं. मग एक टेबल आलं, दोन खुर्च्या, मध्ये पडदा, आणि लस घेतल्यावर पंधरा मिनिटं बसायला लांब बाक. फ्रीजसाठी खोलीत प्लगच नव्हता, तेव्हा कार्यालयातून एक लांबलचक वायर ओढून घेतली. दाराचं तोंड खिडकीच्या बाजूला होतं, म्हणजे आत कोण गेलं ते रांगेतल्या पहिल्या दोघांनाच दिसणार, आणि त्यांना आपल्या फॉर्मची काळजी.

पहिल्याच दिवशी त्र्याण्णव लसी झाल्या. आठ महिन्यांत एकसष्ट आणि एका दिवसात त्र्याण्णव. सिस्टरने संध्याकाळी आकडा तीनदा मोजला. बाई प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होत्या: “लस आज घेतेस की गुरुवारी?” ‘घेणार का’ असं विचारलं असतं तर सगळ्यांनी ‘नंतर’ म्हटलं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या स्वतःवर बेहद्द खूश होत्या. दुसऱ्या दिवशी एकशे सात झाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी रांगच लागली नाही.

अकरा वाजेपर्यंत सहा मुलं आली. एरवी फॉर्मच्या तिसऱ्या दिवशी रांग पार फाटकापर्यंत जाते. बाई अस्वस्थ झाल्या. तेवढ्यात दारातून एक गृहस्थ आत आले. अंगावर कामाचा निळा सदरा, खांद्याला हत्यारांची पिशवी, मागे त्यांची मुलगी. ते वायरमन होते आणि काम अर्धवट टाकून आले होते, हे त्यांच्या कोपरापर्यंत माखलेल्या हातांवरून दिसत होतं.

“खिडकी नंबर तीन हीच ना?” त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, पण चढायला वेळ लागणार नाही असा होता. “लस घेतली नाही तर परीक्षेला बसू देणार नाही, असं तुम्ही मुलांना सांगता?”

“नाही हो. असं मी कुणालाच म्हटलेलं नाही.”

“माझी मुलगी काल रडत घरी आली. हिने ‘गुरुवारी’ असं सांगितलं आणि आता हिला वाटतंय, गुरुवारी नाही घेतली तर फॉर्म रद्द. सगळ्या वर्गात हेच चाललंय.”

बाई उभ्या राहिल्या. “अहो, मी फक्त विचारलं, आज की गुरुवारी. सक्तीचा शब्द माझ्या तोंडून गेलेला नाही. विचारा तुमच्या मुलीला.”

मुलगी वडिलांच्या मागून पुढे आली. बारीकशी, शांत मुलगी. “तुम्ही तसं म्हटलं नाहीत, मॅडम,” ती म्हणाली, “पण माझा फॉर्म तुमच्या हातात होता.”

बाईंनी आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. खरंच की. फॉर्म घ्यायचा, डाव्या हातात धरायचा, प्रश्न विचारायचा, उत्तर आलं की मग शिक्का मारायचा. सवयच तशी. पण पलीकडून बघणाऱ्याला काय दिसत असेल? आपलं वर्ष या बाईच्या मुठीत आहे आणि ती विचारतेय, आज की गुरुवारी. तिसरी वाट त्यात ठेवलीच नव्हती.

दुसरं कुणी असतं तर सारवासारव केली असती. बाई खिडकीमागून बाहेर आल्या, पुढच्या दाराने, रांगेच्या बाजूला. “हिचं बरोबर आहे,” त्या वायरमनना म्हणाल्या. “चूक माझी आहे. मी बोलले नाही, पण माझा हात बोलत होता. बाळ, तुझा फॉर्म आधीच मंजूर आहे. त्याच्याशी लसीचा काडीचाही संबंध नाही.”

वायरमन भांडायच्या तयारीने आले होते. समोरचा माणूस सरळ चूक कबूल करतो तेव्हा भांडणाऱ्याची पंचाईत होते. पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेत ते म्हणाले, “लसीला माझा विरोध नाही. ती काय आहे हेच मला कुणी धड सांगितलेलं नाही. आणि नको म्हणायचं असेल त्याला नको म्हणायला जागा ठेवा की.”

“ठेवते,” बाई म्हणाल्या.

सिस्टरने त्यांना आत बसवलं आणि सगळं सांगितलं, घाई न करता, न घाबरवता. त्यांनी चार प्रश्न विचारले, चारही अडचणीचे. पुढे मूल होण्यात काही बाधा येते का? नाही. ताप येतो का? एखाद्याला येतो, दंड मात्र जवळजवळ सगळ्यांचा दुखतो. लस घेतली म्हणजे मुलगी वाह्यात वागेल का? सिस्टर म्हणाली, “काका, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं म्हणून कुणी मुद्दाम गंजक्या खिळ्यावर पाय देतं का?” वायरमन हसले. आणि मुलगे? मुलग्यांनाही. हे ऐकून ते विचारात पडले, आणि विचारात असतानाच त्यांची नजर जमिनीवर गेली.

“ही वायर कुणी ओढली?” त्यांनी विचारलं. “याच्यावर फ्रीज चालवता? कुणीतरी अडखळून पडेल, नाहीतर सगळं पेट घेईल.” आणि पिशवी उघडून ते कामाला लागले. अर्ध्या तासात भिंतीवर प्लग बसला.

तोवर बाईंना प्राचार्यांचं बोलावणं आलं होतं. अफवा त्यांच्यापर्यंत पोचली होती. “मॅडम, मी आधीच म्हटलं होतं. हे आता बंद करू या.”

“सर, चूक लसीची नाही, माझ्या पद्धतीची आहे. पद्धत मी आत्ता बदललीय. शनिवारपर्यंत वेळ द्या. तोवर रांग परत आली नाही तर फ्रीज मी स्वतः वर नेऊन ठेवते.”

“आणि आली तर?”

“तर तुम्ही पुढचं व्याख्यान रद्द करा.”

प्राचार्यांना हसू आवरलं नाही. शनिवारपर्यंतची मुदत मिळाली.

बाईंनी दुपारीच स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत फलक लिहून लावला: ‘परीक्षेच्या फॉर्मचा आणि लसीचा काहीही संबंध नाही. फॉर्म आधी मंजूर होईल.’ खाली मंजूर झालेल्या फॉर्मच्या पावतीचा नमुना चिकटवला. मग शिपाईमामांकडून छोट्या चिठ्ठ्या छापून घेतल्या. चिठ्ठीवर तीन चौकोन: आज, दुसऱ्या एखाद्या दिवशी, नको. नवी रीत अशी की फॉर्म घ्यायचा, शिक्का मारायचा, पावती मुलाच्या हातात द्यायची, आणि पावती त्याच्या खिशात गेल्यावरच चिठ्ठी पुढे करायची. तोंडाने काही विचारायचं नाही, म्हणजे मागच्याला ऐकू जायला नको. ‘नको’वर खूण केलेल्याकडे बघून बाई तेवढंच हसत, जेवढं इतरांकडे बघून हसत. हे त्यांनी आरशासमोर करून बघितलं होतं, पण ते कुणाला सांगितलं नाही.

वायरमनच्या मुलीने ‘आज’वर खूण केली आणि आत गेली. बाहेर आली ती थेट वर्गात, आणि तिने तिथे काय सांगितलं कोण जाणे, पण गुरुवारी दुपारी रांग पुन्हा फाटकाला टेकली.

मुलग्यांचं मात्र अडूनच बसलं होतं. त्यांच्या चिठ्ठ्यांवर ‘नको’च्या खुणा ओळीने येत. मग शुक्रवारी खांब आला. खांब म्हणजे व्हॉलीबॉलच्या संघाचा कप्तान, उंची अशी की कार्यालयाच्या दारात वाकावं लागे. त्याने चिठ्ठी बघितली आणि आपल्या भारदस्त आवाजात विचारलं, “मॅडम, ही मुलींची ना?”

पडद्याआडून सिस्टरचंच उत्तर आलं. “विषाणू दारावर पाटी वाचून आत शिरत नाही. घसा तुलाही आहे, आणि तो तू बराच वापरतोस.”

मागची मुलं हसली. खांबाला माघार घेता येईना. त्याने छाती पुढे काढून ‘आज’वर खूण केली, आत गेला, बाही वर केली, सुईकडे बघितलं आणि ती टोचण्याआधीच डोळे पांढरे करून बाकावर आडवा झाला. सिस्टरने त्याचे पाय वर धरले, शिपाईमामांनी तोंडावर पाणी शिंपडलं. पाच मिनिटांनी तो उठून बसला आणि पहिला प्रश्न विचारला, “बाहेर कळलं का?”

“सगळ्यांना,” बाई खिडकीतून म्हणाल्या. त्या खोटं बोलत नसत. “सकाळी काही खाल्लं होतंस?”

“नाही.”

त्याला बिस्किटं आणि चहा दिला. तासाभराने त्याने मान दुसरीकडे वळवून लस घेतली. मग बाहेर येऊन आपल्या अख्ख्या संघासमोर म्हणाला, “उपाशीपोटी जाऊ नका, आणि सुईकडे बघू नका. बाकी काही नाही.” हे त्याने इतक्या सहज सांगितलं की चिडवायला आलेल्यांचा हिरमोड झाला. त्या दुपारी व्हॉलीबॉलचा संघ आला, मग फुटबॉलवाले, आणि शेवटी जिन्याखालचे टेबल टेनिसवालेही. सिस्टरने दारावर पाटी लावली: ‘आधी खाऊन या.’ कँटीनवाल्याचा त्या आठवड्याचा धंदा दुप्पट झाला आणि त्याने सिस्टरला चहाची कधी वाण पडू दिली नाही.

शनिवारी साठा संपत आला. सिस्टरने खात्याला फोन केला तेव्हा पलीकडच्या साहेबांचा विश्वास बसेना. “सिस्टर, तुम्ही नक्की लस देताय ना?” त्यांनी विचारलं. सोमवारी ते स्वतः पेटी घेऊन आले, बरोबर आणखी एक नर्स. दिवसभर खिडकीशेजारी उभे राहून त्यांनी सगळं बघितलं, आणि जाताना चिठ्ठीची एक प्रत खिशात घालून नेली.

बारा दिवस संपले तेव्हा चौदाशे अठरा मुलामुलींनी पहिला डोस घेतला होता. सहाशेच्या आसपास ‘नको’ होते. बाकीच्यांनी ‘दुसऱ्या एखाद्या दिवशी’वर खूण केली होती आणि ते अजून यायचे होते. सिस्टर मात्र आनंदात नव्हती. वही पुढे घेऊन ती गालाला हात लावून बसली होती.

“आता काय झालं?” बाईंनी विचारलं.

“दुसरा डोस सहा महिन्यांनी. तोवर कुणाला आठवणार आहे, मॅडम? मी काय चौदाशे जणांना फोन करू?”

बाई भिंतीवरच्या दिनदर्शिकेपाशी गेल्या. पानं उलटत त्यांनी एक महिना मोजला, दोन मोजले, सहाव्यावर बोट ठेवलं. “इथे काय आहे ते वाच.”

सिस्टर उठून आली. त्या पानावर बाईंच्याच अक्षरात लाल शाईने लिहिलं होतं: पुढच्या सत्राचे परीक्षा फॉर्म सुरू.

“तुला वाटतं ते लसीसाठी येतील?” बाई म्हणाल्या. “ते फॉर्मसाठी येतील. दर सहा महिन्यांनी येतात, बावीस वर्षं बघतेय. आपण फक्त याच खोलीत बसून राहायचं.”

सिस्टरने दिनदर्शिकेकडे बघितलं, मग बाईंकडे, आणि त्यांना मिठीच मारली. बाईंना असल्या गोष्टींची सवय नव्हती. त्यांनी तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं, जसं पूर्ण भरलेल्या फॉर्मवर थोपटत तसं.

सहा महिन्यांनी फॉर्म सुरू झाले. या वेळी तयारी पक्की होती. ज्यांचा दुसरा डोस होता त्यांच्या पावतीला बाई निळी चिठ्ठी जोडत, नव्यांना पांढरी. चौदाशे अठरांपैकी तेराशे चार जण परत आले. काही कॉलेज सोडून गेले होते, त्यांना सिस्टरने जवळच्या दवाखान्याचा पत्ता पाठवला. आणि पांढऱ्या चिठ्ठीवर मागच्या वेळी ‘नको’ म्हणालेले कितीतरी जण या वेळी ‘आज’ म्हणाले. त्यांना कुणीही काही समजावलं नव्हतं. एका मुलाला बाईंनी न राहवून विचारलं, मत कसं बदललं. तो म्हणाला, “मागच्या वेळी नको म्हटलं आणि तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. म्हणून घरी जाऊन नीट वाचलं.”

पुढे खात्याने सगळ्या कॉलेजांच्या कार्यालयातल्या माणसांची एक बैठक घेतली आणि बाईंना बोलायला सांगितलं. बाई खिडकीबाहेर कधी कुणापुढे बोलल्या नव्हत्या. नवी साडी नेसल्या, सिस्टरला शेजारी बसवलं, आणि उभ्या राहिल्यावर सहा-सात मिनिटांत आटोपलं. जे झालं ते सगळं सांगितलं, पहिल्या दोन दिवसांतली स्वतःची चूकही. फॉर्म डाव्या हातात कसा धरला होता ते त्यांनी हात वर करून दाखवलं. समोर बसलेल्या अनेकांनी नकळत आपापल्या हाताकडे बघितलं.

एका कॉलेजातल्या वयस्क लिपिकाने उभं राहून विचारलं, “मॅडम, आमच्याकडे रिकामी खोली नाही. प्राचार्यही मानणार नाहीत. कसं करायचं?”

“तुमच्याकडे परीक्षेचे फॉर्म कुठे घेतात?”

“जिन्याखाली.”

“जिन्याखाली उभं राहून एकदा तुमची रांग मला दाखवा,” बाई म्हणाल्या. “सोमवारी मला सुट्टी आहे. सकाळी दहाला येऊ?”

लिपिकाने जरा घाबरत मान डोलावली. बाईंनी पर्समधून डायरी काढली आणि पत्ता लिहून घेतला.